बिस्किटाचा डबा आणि पंचवीस लाख

पत्र

काकू, मी २७ वर्षांची, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढलेली, सोशल वर्क शिकलेली. तीन वर्षांपासून कंत्राटी सफाई कामगार बायकांच्या एका मंडळाबरोबर आहे. ३२ जणी आहेत, बहुतेक गुजराती बोलणाऱ्या, काही आपल्याकडच्या, मराठी. महिन्याला २० रुपये वर्गणी, ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जमा होते. आजवर हातमोजे मिळवले, कंत्राटदाराने दाबून ठेवलेला दोन महिन्यांचा पगार काढला. आता न्यू जर्सीच्या मावसभावाने एका अमेरिकन फाउंडेशनची जाहिरात पाठवली आहे. वंशभेद आणि जातिभेदाविरुद्ध लोकांनी स्वतः चालवलेल्या कामाला ३० हजार डॉलरपर्यंत मदत, म्हणजे पंचवीस लाखांच्या वर. आमचं मंडळ रजिस्टर नाही. भाऊ म्हणतो, पैसे माझ्या खात्यात घेतो आणि तुला पाठवतो. इथली एक मोठी संस्था म्हणते, आमच्या एफसीआरए खात्यातून, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची परवानगी असलेल्या खात्यातून घ्या, आम्ही दहा टक्के ठेवू. बजेटमध्ये को-ऑर्डिनेटरचा पगार महिना ३५ हजार धरला आहे. ती को-ऑर्डिनेटर मीच. बैठकीत सांगितलं तेव्हा डबा सांभाळणाऱ्या बा म्हणाल्या, ‘पैसा आवशे एटले झघडो आवशे,’ म्हणजे पैसा आला की झगडा येणार. तेव्हापासून कुणी विषयच काढत नाही. अर्ज करू का?

— वडोदऱ्याची भाची

उत्तर

भाची म्हणवतेस म्हणून तू म्हणते. अर्ज आत्ता करू नकोस.

आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण तिथे वाद घालायला जागा नाही. भावाच्या खात्यातून पैसे आणायचा विचार आजच सोडून दे. तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत काही पाठवत असेल, तर ती विदेशी मदत धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घेऊन बसला असेल, तर तो स्वतःच कायद्याने विदेशी स्रोत. आणि मूळ पैसा फाउंडेशनचा असेल तर तो कुणाच्या खात्यातून फिरून आला याने काही फरक पडत नाही. नातेवाइकाने पाठवलेल्या पैशाची जी सवलत लोक सांगतात, ती घरखर्चासाठी, मंडळासाठी नव्हे. शिवाय कायद्याच्या ‘नातेवाईक’ या यादीत मावसभाऊ बसतच नाही. आपल्याकडे लग्नात मानपान घ्यायला बसतो, ते वेगळं.

मोठ्या संस्थेचा मार्ग तर त्याहून बंद. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेल्या संस्थेला विदेशी पैसा दुसऱ्या कुणाला देताच येत नाही, एफसीआरए असलेल्या संस्थेलाही नाही. त्यांना स्वतः तुमच्या वस्तीत प्रकल्प चालवता येईल, पण मग प्रकल्प त्यांचा, निर्णय त्यांचा, आणि तुमच्या ३२ जणी त्यांच्या रिपोर्टातल्या ‘लाभार्थी’. दहा टक्के ठेवू म्हणणाऱ्यांना हा नियम ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. खात्यांत आयुष्य काढलेली बाई आहे मी.

राहिला स्वतः एफसीआरए काढायचा मार्ग. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च चालत नाही. तुमचा डबा महिन्याला ६४० रुपये भरतो. मी गंमत म्हणून हिशेब केला, १५ लाख व्हायला १९५ वर्षं लागतील. नव्या संस्थेला ठरावीक देणगीदारासाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण तिथेही आधी नोंदणी, हिशेब आणि गृहमंत्रालयाच्या प्रश्नांना उत्तरं लागतात. आणि तुमचं काम हक्कांचं, म्हणजे कुणीतरी ते राजकीय ठरवणारच. बंद, हरताळ, रास्ता रोको केला म्हणून कुठलीही संघटना आपोआप राजकीय ठरत नाही, सक्रिय किंवा पक्षीय राजकारणात असेल तरच ठरेल, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तो निकाल फाइलला लावून ठेवायला बरा. पण निकाल हातात असणं आणि टेबलामागच्या माणसाला तो पटवणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

हे झालं कायद्याचं. आता बा जे म्हणाल्या ते.

तू पत्रात बांचं वाक्य असं लिहिलं आहेस, जणू म्हातारं माणूस पैशाला घाबरतं. मला नाही तसं वाटत. तीन वर्षं त्या डब्याचा हिशेब चोख ठेवणारी बाई पैशाला घाबरत नसते. त्यांनी तुझं बजेट ऐकलं असणार. पंचवीस लाखांतले दरमहा ३५ हजार तुझे, बाकी ट्रेनिंग, प्रवास, भाड्याची जागा, लॅपटॉप. समोर बसलेल्या बत्तीस जणींपैकी एकीच्याही नावावर एक रुपया नाही. वरून जाहिरातीत लिहिलंय ‘लोकांनी स्वतः चालवलेलं काम’. कुणी चालवलेलं? फॉर्म इंग्रजीत, तो भरणार तू. फाउंडेशनबरोबरचे फोन रात्री, ते घेणार तू. सही कुणाची, तेही तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखते.

पगार घेऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. फुकट राबणाऱ्या कार्यकर्त्या चाळिशीत कडवट होतात, मी जवळून पाहिल्यात. पगार घे, पण तो आकडा त्यांनी ठरवू दे. बैठकीत स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बस आणि त्यांना बोलू दे. आपल्या रोजाच्या हिशेबाने त्या कदाचित १५ म्हणतील, कदाचित ४० म्हणतील. जो आकडा येईल तो वहीत लिहायचा, आणि ती वही कुणालाही मागता येईल अशी डब्याशेजारी ठेवायची. झगडा पैशाने होत नाही गं, एकीला माहीत आणि इतरांना नाही अशा पैशाने होतो.

तू दांडिया बाजारची, त्या वस्तीतली नाहीस, हे तुलाही टोचत असणार. टोचू दे. तुझं इंग्रजी त्यांच्या कामाचं आहे, तुझं नेतृत्व असेलच असं नाही. एवढा फरक सांभाळलास तर पुष्कळ.

आता माझ्यावर बेतलेलं सांगते. मी एका संस्थेत २६ वर्षं हिशेब सांभाळले. संस्थेचं नाव नको. रेशनच्या दुकानातल्या वजनाच्या चोरीविरुद्ध बायकांची एक बैठक चालायची, रात्री नऊला, भांडी झाल्यावर. बायका ओल्या हातांनी यायच्या. हजेरीच्या वहीत अंगठ्यांचे ठसे, शाई पसरलेली, एका पानावर हळदीचा डाग. मग ग्रँट आली. फंडरला ‘किती प्रशिक्षणं, किती सहभागी’ हे आकडे हवे होते. बैठक दुपारी तीनला गेली, कारण पाहुण्यांना संध्याकाळची गाडी असायची. दुसऱ्या वर्षी आम्ही २४ प्रशिक्षणं घेतली आणि रेशनच्या दुकानावर एकदाही गेलो नाही. तिसऱ्या वर्षी वही माझ्या टेबलावर आली, सगळ्या स्वच्छ, देखण्या सह्या. ज्या बायकांचं रेशन चोरीला जात होतं त्या दुपारी तीनला कामावर असायच्या. ह्या कुणीतरी दुसऱ्याच होत्या, चहा-नाश्त्याला बोलावलेल्या. ऑडिट निर्मळ झालं. ते मीच करून घेतलं. ग्रँट संपली तेव्हा बैठक पुन्हा रात्री नऊला लावली, तर चौघी आल्या.

तेव्हापासून कुणी अर्ज करू का विचारलं की मी उलट विचारते, हा पैसा एका सकाळी बंद झाला तर त्या रात्री तुमची बैठक भरेल का? भरत असेल तर खुशाल घ्या.

बाहेरचा पैसा घेण्यात लाज नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर तू मला सोवळी समजशील. आपण वडोदऱ्याची माणसं. सयाजीरावांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती नसती तर कोलंबिया विद्यापीठ कुठलं? पण त्यालाही करार होता, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा. ते परत आलेही, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत लागले. आणि अख्ख्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी म्हणून नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात राहावं लागलं, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराजांचं राज्य होतं, तरी गल्ली महाराजांच्या ऐकण्यातली नव्हती. त्यानंतर कामाठीबागेत बसून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला, त्या संकल्पभूमीवर आपण २३ सप्टेंबरला जमतो ते यासाठीच.

पुढे १९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झालं, त्याला शाहू महाराजांचे अडीच हजार होते. तेव्हा राजांचा पैसा त्यांनी नाकारला नाही. पण त्याच वर्षी पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेल्या पैशांवर आणि एका पारशी मित्राच्या उसनवारीवर. शाहू महाराजांनीही हात दिला. पैसा तीन-चार ठिकाणचा असला की कुणाही एकाला ‘आता असं करा’ म्हणता येत नाही. हिशेबनीस म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.

तुझ्या फाउंडेशनच्या देशातलंही एक सांगते, कारण ते ज्या लढ्याचा वारसा सांगतात तो असा चालला होता. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्सना बसमधली जागा सोडली नाही म्हणून डिसेंबर १९५५ मध्ये अटक झाली आणि काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस. बस नाही म्हणजे लोकांना कामावर पोचवायला गाड्या हव्यात, पेट्रोल हवं. त्यातला काही पैसा स्वयंपाकघरांतून आला. जॉर्जिया गिल्मोर नावाची स्वयंपाकीण होती. तिने बायका जमवल्या, तळलेली कोंबडी, सँडविच, गोड ‘पाय’ (pie) आणि केक करून सभांत आणि दुकानांत विकले, आणि दर आठवड्याला पैसे सभेत नेऊन दिले. यातल्या बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव कळलं तर नोकरी जाणार. म्हणून मंडळाचं नावच ठेवलं ‘कुठूनच नाही’ मंडळ. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. गिल्मोरची नोकरी मात्र गेलीच, कोर्टात साक्ष दिल्यावर. मग ती स्वतःच्या घरातून जेवण विकायला लागली.

माझ्या डोळ्यांपुढे लगेच सेव उसळ येते. आपल्या शहराइतकी चांगली ती कुठे मिळत नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. २३ सप्टेंबरला संकल्पभूमीवर, १४ एप्रिलला मिरवणुकीच्या वाटेवर, तुमच्या मंडळाचा एक सेव उसळीचा पातेला का नसावा? वाटाणा भिजवणं, तर्री, पाव, द्रोण, सगळं मिळून काय खर्च येईल हे बांना विचार, तुला नको. शिवाय लोक खाता खाता विचारतात, हे कसलं मंडळ. अशी ओळख प्रपोजलमध्ये विकत मिळत नाही.

मोठ्या फाउंडेशनच्या पैशाचा तिथला इतिहासही सरळ नाही. अमेरिकेतली एनएएसीपी ही काळ्या लोकांच्या हक्कांची जुनी संघटना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यतः जमावाने केलेल्या हत्यांविरुद्ध लढत होती. १९२२ मध्ये निघालेल्या गार्लंड फंडाचा पैसा येऊ लागल्यावर तिचा भर हळूहळू शाळांमधल्या विषमतेच्या खटल्यांकडे सरकला, असं मेगन मिंग फ्रान्सिस या अभ्यासक कागदपत्रं दाखवून मांडतात. पैसा देणाऱ्यांना जे महत्त्वाचं वाटलं ते पुढे गेलं, ज्यांच्या जिवावर बेतलं होतं त्यांचं मागे राहिलं. आणि तरी त्याच शाळांच्या वाटेने १९५४ चा मोठा निकाल आला, काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. तेव्हा नुसतं वाईट झालं असंही म्हणवत नाही. पण दिशा बदलली, आणि ती कुणी बैठकीत ठराव करून बदलली नव्हती.

मग करायचं काय? तुझ्या कामाला मुळात किती पैसा लागतो ते आधी बघ. माहितीच्या अधिकाराचा अर्ज गुजरातमध्ये २० रुपयांत होतो. कंत्राटाची प्रत माग, पीएफ भरल्याचे चलान माग. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण बसतं. बाईला आणि अनुसूचित जातीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. ज्यांची घरची माणसं गटारात उतरतात त्यांना हेही सांगून ठेव, की गटारात मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख, असा सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०२३ चा हुकूम आहे. त्याआधी १० लाख होती.

खरा खर्च वेगळाच आहे आणि तो मी आजवर एकाही ग्रँटच्या बजेटमध्ये पाहिला नाही. तक्रार घेऊन कामगार कचेरीत जायचं तर त्या दिवसाचा रोज बुडतो. साहेब नसले की दुसऱ्या दिवसाचाही. म्हणून दर वेळी एकट्या तुलाच जावं लागतं, आणि म्हणून नेतृत्वही तुझ्याकडेच सरकतं. डब्यातला पहिला खर्च हा ठेवा. मंडळाच्या कामाला गेलेल्या दोघींचा बुडालेला रोज मंडळाने भरायचा. वर्गणी २० ची ३० करायची का, ते या खर्चाचा आकडा समोर ठेवून विचार. गरज दिसली की बायका स्वतः वाढवतात.

नोंदणी करा, पण ट्रस्ट की युनियन हे आधी ठरवा. ट्रस्टला चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत जावं लागेल. मग लोक ज्याला अजून बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतात ती आयकराची कागदं, म्हणजे इथल्या देणगीदारांना सूट मिळेल. रोख घेतलीत तर २,००० च्या वर ती सूट नाही, पावतीपुस्तक छापताना लक्षात ठेव. युनियनला देणग्या कमी मिळतील, पण कंत्राटदारासमोर ‘आम्ही समाजसेवा करतो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘आम्ही कामगार आहोत’ म्हणणाऱ्यांचं वजन जास्त पडतं. माझा कल युनियनकडे आहे. पण सह्या त्यांच्या असणार, म्हणून निवडही त्यांची. अध्यक्ष आणि खजिनदार वस्तीतल्या. तू फार तर चिटणीस, तेही त्यांनी म्हटलं तर.

दोन वर्षांचे हिशेब स्वच्छ झाले की इथल्याच एखाद्या भारतीय फाउंडेशनकडे छोटी, एक-दोन लाखांची मदत मागा, आणि ती संपणाऱ्या कामासाठी मागा. वकिलाचं एक वर्ष, कागदपत्रं काढायची मोहीम, असं. बैठकीचा चहा, जागेचं भाडं, बुडालेला रोज, हे डब्यातूनच जाऊ दे. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशाच्या मागे फार धावू नकोस. ते झाडू देतील, पण झाडू मारणाऱ्या बाईच्या पगाराबद्दल बोलणार नाहीत.

मंगळवारी किंवा तुमची जेव्हा असते तेव्हा, बैठकीत विषय तूच काढ. जाहिरातीचा कागद गुजरातीत वाचून दाखव, बजेटसकट, तुझ्या पगारासकट. मग बांना विचार, झगडा म्हणजे त्यांना नेमका कुठला झगडा दिसत होता. त्यांचं ऐकून माझं काही चुकलं असं वाटलं तर मला परत लिही.

आणि भावाला वाईट वाटू नये म्हणून त्याला एवढं पाठव: ‘दादा, फाउंडेशनचं आत्ता जमणार नाही, कायद्याने आमच्यापर्यंत पोचणार नाही. तुझा पासपोर्ट अजून भारताचा आहे का ते कळव. असेल तर आमच्या खजिनदार बांच्या नावाने नाही, मंडळाचं खातं उघडलं की त्यात, तुझ्या पगारातून जमेल तेवढं बँकेने टाक. पावती मिळेल. नसेल तर सप्टेंबरात येशील तेव्हा संकल्पभूमीवर ये आणि पातेल्याशी उभा राहून उसळ वाढ.’